यार्डात सगळ्यात कमी येणारी गाडी

१० जानेवारी

ती. ताईंना नमस्कार.

माझं अक्षर बघून तुम्ही पाकीट न फोडताच बाजूला ठेवाल अशी धास्ती वाटली, म्हणून पत्ता आईंकडून लिहून घेतलाय. त्यांना डोळ्यांनी धड दिसत नाही, त्यामुळे ओळी तिरक्या गेल्यात, तेवढं समजून घ्या. तुमचा भाऊ गेल्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. या अकरा महिन्यांत तुम्ही आईंना फोन करता तो मी कामावर असते तेव्हाच, आणि माझा फोन उचलत नाही. त्याबद्दल भांडायला मी लिहीत नाहीये. मला एकच गोष्ट विचारायचीय आणि ती तुमच्याशिवाय कुणाला विचारता येत नाही.

मला दुचाकी घ्यायचीय.

पत्र फाडू नका. आधी ऐका. हॉस्पिटलने आमची कामगारांची बस एक तारखेपासून बंद केली. तुम्हाला माहीतच आहे, मी ऑपरेशनची हत्यारं धुऊन, वाफेच्या यंत्रात घालून पॅक करते. पहिल्या ऑपरेशनचा ट्रे माझ्या हातून गेल्याशिवाय डॉक्टर नुसते हातमोजे घालून उभे राहतात. सातला पोचावं लागतं. चौदा किलोमीटर आणि मधे बस बदलायची. दहा दिवसांत दोनदा उशीर झाला. संध्याकाळी चिमीला शाळेतून घ्यायचं, ती शाळा उलट्या टोकाला. महिन्यातून एकदा आईंच्या डोळ्यात इंजेक्शन, तो दवाखाना तिसऱ्याच टोकाला. मी एकटी किती टोकांना पुरणार?

मी दोन दुकानं फिरले. दुकानदार सांगतो, कुठली गाडी सगळ्यात जास्त खपते. मला ते नकोय. तुम्ही विम्याच्या सर्वेअर, दिवसभर यार्डात मोडलेल्या गाड्या बघता. मला एवढंच सांगा, तुमच्या यार्डात सगळ्यात कमी येते ती गाडी कुठली? आणि ती माझ्यासारखीला परवडेल का?

चिमीची आई


१९ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं.

गाडी घेऊ नकोस. माझा सल्ला विचारलास म्हणून सांगतेय. हॉस्पिटलजवळ एक खोली बघ, नाहीतर घराजवळ दुसरं काम बघ. त्रास होईल, पण निभेल. दुचाकीवर निभत नाही, ते मी रोज बघते.

आईला तर त्यावर अजिबात बसवू नकोस. चिमीलाही नाही. ती एकदा वाचली, पुरे झालं.

आईच्या थेंबांची बाटली संपत आली असेल. पार्सल पाठवतेय.

ताई


२४ जानेवारी

ती. ताई,

थेंब मिळाले. आईंनी बाटली हातात धरून दोनदा विचारलं, सोबत चिठ्ठी आहे का म्हणून. मी नाही म्हटलं.

हॉस्पिटलजवळ खोली! ताई, तिथल्या एका खोलीच्या भाड्यात आमचं अख्खं घर चालतं. आणि दुसरं काम कोण देणार? नऊ वर्षं मी कात्र्या आणि चिमटे मोजतेय, मला दुसरं येतं काय?

परवा तिसऱ्यांदा उशीर झाला. मेट्रनबाई वाईट नाहीत, पण त्यांनी लेखी दिलंय, अजून दोनदा झालं तर विभागातून काढतील. त्याच दिवशी परतीची बस मधेच बंद पडली. मी शाळेशी पोचले तेव्हा फाटक लागलं होतं. चिमी बाहेर पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होती, बांधत होती. मला बघून रडली नाही. म्हणाली, "मला वाटलं, तूपण पडलीस."

सहा वर्षांची पोर, ताई. मी तिथेच पायरीवर बसले.

ती अजून कुठल्याही गाडीवर बसत नाही. बसमध्ये कशीबशी चढते, माझा हात दोन्ही हातांनी धरून. अपघाताच्या दिवशी तो तिला चित्रकलेच्या वर्गातून आणत होता. आणायला मी जायची होते. माझी ड्यूटी एक तास वाढली म्हणून तो गेला. तुम्ही माझ्याशी बोलत नाही त्याचं कारण हेच, मला कळत नाही का? पण तुम्हाला अर्धंच माहीत आहे. उरलेलं आज सांगून टाकते, नाहीतर ते मला आतून खाऊन संपवेल.

त्याआधी पंधरा दिवस तो म्हणाला होता, मागचा टायर गुळगुळीत झालाय, बदलायला हवा. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. चिमीचे वर्गाचे पैसे भरायचे होते. तो हसला आणि म्हणाला, "हुकूम." त्यानंतर विषय काढला नाही. पोलिसांच्या कागदावर लिहिलंय की वळणावर गाडी घसरली. माझ्या "पुढच्या महिन्या"वर घसरली, ताई. हे आईंना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

आता तुम्हाला माझा राग धरायला पुरेसं कारण मिळालं. हवा तेवढा धरा. पण गाडी सांगा. तीन बघितल्यात. एक जुनी मोटरसायकल, लांब सीटची, तिघं बसतील अशी. एक बिनगियरची स्कूटर, तीही वापरलेली. आणि एक बॅटरीवाली, पण आम्ही चौथ्या मजल्यावर, तिला चार्ज कुठे करू? बादलीला दोर बांधून वर ओढू?

हसू येतं ते असं, नको तिथे.

चिमीची आई


२ फेब्रुवारी

वहिनी,

टायरबद्दल लिहिलंस ते वाचलं.

गाडी घेणारच असशील तर नीट घे. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की यार्डात सगळ्यात कमी येते ती गाडी कुणी हौसेने घेत नाही. जड, बुटकी, बिनगियरची स्कूटर. बँकेतल्या बायका, पोस्टमन, निवृत्त मास्तर वापरतात ती. पण तो गाडीचा गुण नाही. ती चालवणारी माणसं सावकाश जातात, एवढंच. हे लक्षात ठेव.

लांब सीटची मोटरसायकल नको. लांब सीट असली की माणूस तिघांना बसवतो. जागा आहे म्हणून मोह होतो. गाडीवर एका वेळी दोघंच. आईला दवाखान्यात नेशील तेव्हा चिमी शेजारी ठेवायची, चिमीला नेशील तेव्हा आई घरी. कुटुंबाची सहल करायची तर दोन फेऱ्या मारायच्या.

बॅटरीची नको, कारण तूच लिहिलंस.

स्कूटर बघताना पुढचं चाक मोठं आहे ना ते बघ. छोटं चाक खड्ड्यात अडकतं. एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो अशी व्यवस्था हवी. सीटवर बसून तुझे दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, नुसते चवडे नाहीत. मागे बसणाऱ्याला धरायला लोखंडी दांडी हवी आणि पाय ठेवायला नीट जागा. आईला दोन्हीकडे पाय टाकूनच बसव. एका बाजूला बसणारी माणसं आधी पडतात.

वापरलेली असेल तर रंगावर जाऊ नकोस. जाड दोरा घे, मागच्या चाकाच्या दोन्ही कडांना टेकवून पुढे ताण. गाडी सरळ असेल तर पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर राहतं. एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त भरलं तर सांगाडा वाकलेला आहे. मग मालक काहीही शपथ घेवो, उठायचं आणि चालू लागायचं. हँडलच्या खालची मान बोटांनी चाचप. तिथे वेल्डिंगचा उंचवटा लागला तर ती गाडी फुकटसुद्धा घेऊ नकोस.

दोन हेल्मेट घे. चिमीला तिच्या मापाचं.

ताई


१५ फेब्रुवारी

ती. ताई,

तुमचं पत्र मी पाठ केलंय. टायरबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत. त्या ओळीचा अर्थ मी रोज वेगवेगळा लावते. शिव्या दिल्या असत्या तर निदान कळलं तरी असतं.

असो. मी शिकतेय. आमच्या रुग्णवाहिकेचे चालक आहेत, सगळे त्यांना कप्तान म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत ते मला शवागाराच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांच्या बायकोच्या स्कूटरवर शिकवतात. तिथे कुणी येत नाही, म्हणून. पहिल्या दिवशी मी भिंतीला धडकले. कप्तान म्हणाले, "बाई, जागेचा मान राखा, इतक्यात आत जायचं नाही." मी हसले आणि मग तिथेच हुंदके देऊन रडले. त्यांनी डब्यातली पोळी माझ्या हातात दिली आणि दुसरीकडे बघत उभे राहिले. गुडघा सोललाय, बाकी ठीक.

आता ऐका. दोऱ्याची परीक्षा शिकायची म्हणून मी रविवारी कप्तानांना घरी बोलावलं. तुमच्या भावाची गाडी अजून आमच्या जिन्याखालीच आहे, प्लास्टिकखाली. भंगारवाला दोनदा आला, माझ्याने दिली नाही. चिमी तिथून जाताना भिंतीकडे तोंड करते. म्हटलं, हिच्यावरच सराव करू. मोडलेलीच आहे, वाकडी असणारच.

वाकडी निघाली. पण कप्तान खाली वाकून बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी मला बोलावलं. हँडलची मान जिथे तुटलीय, तिथे फटीच्या आत निळा रंग आहे. गाडी तर काळी. कप्तान म्हणाले, "तुटल्यानंतर आत जाऊन रंग कोण देईल? गाडी मूळची निळी, आधी एकदा तुटलेली आहे. जोडून वरून काळी केलीय."

ताई, ही गाडी तुम्हीच त्याला मिळवून दिली होती ना, चिमी पोटात असताना? कुठल्या गॅरेजवाल्याकडून? त्याने तुमची फसवणूक केली असणार. तुम्ही त्याला धरायला हवं. मला नीट लिहा, कप्तान म्हणतात की यात तक्रार होऊ शकते.

आणि एक विचारू का? मान आधीच तुटलेली असेल, तर टायरचं काय?

चिमीची आई


३ मार्च

ती. ताई,

उत्तर नाही. आईंनाही फोन नाही. बरं आहे ना तुमचं? आई सारख्या विचारतात, मी रोज नवं काहीतरी सांगते. काल सांगितलं की तुमचा घसा बसलाय.

वर्ष झालं त्या दिवशी आम्ही तिघी नुसत्या बसून होतो. तुमचा फोन येईल म्हणून आईंनी दुपारची झोप घेतली नाही.

मला सोमवारी चौथा उशीर झाला. आता एकच उरला. वापरलेली ती स्कूटर अजून आहे, मालक म्हणतो शनिवारपर्यंत थांबेन. दोरा सरळ येतो, मान गुळगुळीत आहे, तळवे टेकतात. पण माझा माझ्या हातावर विश्वासच उरला नाही. बोट फिरवते आणि वाटतं, उंचवटा आहे. पुन्हा फिरवते, नाही. कप्तान म्हणतात चांगली आहे. मला तुमच्याकडून ऐकायचंय.

एक शब्द लिहा. हो किंवा नाही.

चिमीची आई


९ मार्च

वहिनी,

शनिवार उलटून गेला असेल, हे मला माहीत आहे. तरी लिहिते. त्या स्कूटरबद्दल माझं उत्तर हो आहे. पण हे पुढचं वाचल्यावर माझ्या होला काय किंमत राहील, ते तू ठरव.

मला कुणी फसवलं नाही.

ती गाडी यार्डातली होती. एका अपघातात मान तुटली होती, विम्याने निकालात काढली होती. भंगारात जायची. एका गॅरेजवाल्याने ती घेतली, मान जोडली, काळी केली. मला दाखवली. मी माझ्या बोटांनी चाचपली. उंचवटा लागला. मला कळलं, वहिनी. हजारो गाड्या माझ्या हाताखालून गेल्या, मला कळणार नाही असं कसं होईल? पण जोड चांगला वाटला. तो रोज मला विचारत होता, "ताई, बाळ यायच्या आत एखादी गाडी बघ, माझ्या खिशाला झेपेल अशी." मला त्याला द्यायची होती. मोठ्या बहिणीचा रुबाब मिरवायचा होता. मी त्याला म्हणाले, "डोळे मिटून घे, मी बघितलीय."

त्याने डोळे मिटून घेतली. पाच-सहा वर्षं चालली. मी विसरून गेले.

अपघाताच्या तिसऱ्या दिवशी, तुम्ही सगळे हॉस्पिटलच्या कागदांत असताना, मी पोलिसांच्या आवारात जाऊन गाडी बघितली. मागच्या टायरवर नक्षी शिल्लक होती. कमी होती, पण होती. टायर घसरला नाही. जोड सुटला, हँडल हातात आलं आणि मग गाडी आडवी झाली. टायरचा काही संबंध नाही. तुझ्या पुढच्या महिन्याचा काही संबंध नाही.

तू मला दोषी वाटतेस म्हणून मी बोलत नव्हते, असं तू समजलीस. मला तुझ्यासमोर उभं राहता येत नव्हतं. तुझा फोन वाजला की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे, म्हणजे ऐकू येऊ नये.

तुझं टायरचं पत्र आलं तेव्हा हे लिहायला हवं होतं. बसले होते लिहायला. चार वेळा कागद घेतला. मग गाडी कशी निवडावी ते लिहिलं. तेवढंच मला येतं.

आईला काय सांगू, तू सांग. तू म्हणशील ते करेन.

ताई


१३ मार्च

पत्र मिळालं.

२४ जानेवारीचं माझं पत्र तुमच्याकडे आहे. ते परत पाठवा. तुम्ही ते वाचून नऊ दिवस घेतले आणि मला पुढच्या चाकाचं माप लिहून पाठवलंत. त्यानंतर पाच आठवडे मी रोज सकाळी उठून स्वतःला खुनी म्हणत होते. मला ते पत्र तुमच्या घरात नकोय.

आईंना मी काही सांगितलेलं नाही.


२० मार्च

वहिनी,

तुझं पत्र सोबत आहे. त्याची नक्कल ठेवलेली नाही.

मी मागच्या आठवड्यात साहेबांना त्या जुन्या गाडीचं सगळं लेखी दिलं. चौकशी लागलीय. सध्या घरी आहे. हे तुला खूश करायला सांगत नाही. तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून सांगते.

एक विनंती आहे. नवी कोरी स्कूटर मी घेऊन देते. शोरूममधून. हात लावायला मी येणार नाही, कप्तानांना बघू दे. एवढं तरी करू दे.

ताई


२८ एप्रिल

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही. मनात शिव्यांशिवाय काही येत नव्हतं, आणि त्या कागदावर उतरवायला लागले की चिमी शेजारी येऊन बसायची. तिला आता वाचता येतं.

जे झालं ते सांगते. शनिवारी तुमच्या उत्तराची वाट बघत मी त्या मालकाकडे गेलेच नाही, आणि स्कूटर गेली. पुढच्या गुरुवारी पाचवा उशीर झाला. मेट्रनबाईंनी डोळ्यांत पाणी आणून सही केली. मला विभागातून काढलं आणि धुलाईत टाकलं. आता मी रक्ताच्या चादरी वेगळ्या करते. पगार उतरला. नऊ वर्षांत माझ्या ट्रेमधून एक चिमटा कधी कमी गेला नव्हता. तिथली नवी मुलगी फोन करून विचारते, अमुक कात्री कुठल्या कप्प्यात, आणि मी सांगते.

एक दिवस असा आला की मी धुलाईच्या गरम खोलीत गठ्ठ्यांवर बसून राहिले, उठायचंच नाही म्हणून. कशासाठी उठू? कप्तान शोधत आले. म्हणाले, "तुमची ती बुटकी स्कूटर परत आलीय. घेणाऱ्याच्या बायकोला आवडली नाही, फार म्हातारी दिसते म्हणाली." मी म्हटलं, आता मला नको. ते म्हणाले, "बघायला तर चला." गेले.

ताई, मी दोरा ताणला. दोन्ही बाजूंना सारखं अंतर. मान चाचपली, एकदाच. दुसऱ्यांदा बोट फिरवलं नाही. मग कुणालाही न विचारता, कप्तानांनाही नाही, मी हो म्हटलं. नवी कोरी नको. तुमची तर नकोच. माझ्या बांगड्या गेल्या त्यात, जाऊ देत.

आता मी रोज तिच्यावर जाते. इतकी हळू की सायकलवाले पुढे जातात. एकदाही उशीर नाही. मेट्रनबाई म्हणाल्या, सहा महिने असंच चाललं तर परत घेण्याचं बघू. बघू म्हणजे काय ते मला कळतं, पण ऐकायला बरं वाटलं. आईंना दोन वेळा दवाखान्यात नेलं, दोन्हीकडे पाय टाकून. पहिल्यांदा त्यांनी माझी कंबर इतकी आवळली की श्वास घेता येईना. दुसऱ्यांदा म्हणाल्या, जरा जोरात घे की. चिमी अजून बसत नाही. स्कूटरजवळ येते, हात लावते आणि मागे जाते.

आता आईंचं. मी म्हणेन ते कराल असं लिहिलंत ना? मग हे करा. तुम्ही स्वतः या आणि सांगा. पत्रात नाही, फोनवर नाही. मी तुमच्यासाठी ते ओझं पोटात ठेवणार नाही, आणि तुमच्या वतीने सांगणारही नाही.

येत्या रविवारी दहाच्या गाडीने या. स्टँडवर मी घ्यायला येईन, स्कूटरने. रिक्षा वगैरे करायची नाही. माझ्यामागे बसायचं. मी माफ केलंय असं मनात आणू नका. आईंना तुमची वाट बघवत नाही, म्हणून बोलावतेय.

चिमीची आई


६ मे

वहिनी,

रविवारी तू मला दारात सोडून चिमीला घेऊन खाली गेलीस. मी आणि आई दोघीच असाव्यात म्हणून गेलीस, ते कळलं. त्यामुळे वर काय झालं ते तुला माहीत नाही. आईने सांगितलं नसणार, म्हणून लिहिते.

स्टँडवर हेल्मेटचा पट्टा मला लावता येईना. एवढी वर्षं लोकांच्या हेल्मेटांना पडलेल्या भेगा मोजल्या आणि स्वतःचा पट्टा जमेना. तू गाडी उभी केलीस आणि काही न बोलता लावलास. वाटेत मी मागची दांडी धरली होती. तुला हात लावायची हिंमत झाली नाही. त्या वळणाशी आपण आलो, तेव्हा तू आणखी हळू झालीस. तेव्हा धरलं मी तुला. तुला जाणवलं असेलच.

आई पलंगावर बसली होती. मी खाली फरशीवर बसले आणि सांगितलं. सगळं, उंचवट्यासकट. आईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "त्याला माहीत होतं?" मी नाही म्हटलं. "हिला कधी सांगितलंस?" मी म्हटलं, मार्चमध्ये. आई हिशेब करत राहिली, बोटांवर. म्हणाली, "म्हणजे दोन महिने ती हे पोटात ठेवून आहे, आणि मला पाठीमागे बसवून दवाखान्यात नेतेय. आणि मी तिला जोरात घे म्हणत होते."

मग ती रडली. मी पाय धरायला गेले तर पाय वर ओढून घेतले. म्हणाली, "आत्ता नको. तू माझीच आहेस, म्हणून तर अवघड आहे. मला रागवायला वेळ लागेल. आज मुलगा पुन्हा गेला, त्याच्यासाठी आधी रडू दे."

मी उठून भिंतीशी उभी राहिले. जावं की थांबावं, कळेना. आई चाचपत खिडकीशी गेली. तिला चौथ्या मजल्यावरून खालचं काय दिसणार? तरी बघत राहिली. म्हणाली, "गाडीचा आवाज येत नाही. गेली का कुठे?"

मी तिच्या मागे उभी राहून खाली बघितलं. आवारात तू स्कूटर हाताने ढकलत होतीस. इंजिन बंद. सीटवर चिमी बसली होती, डोक्यावर मी स्टँडवरून घालून आलेलं मोठं हेल्मेट, आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं होतं. तू एका बाजूने वाकून ढकलत होतीस, घामाघूम. एक फेरी झाली की थांबून तिला काहीतरी विचारायचीस. ती मान हलवायची. मग पुन्हा ढकलायचीस.

आई म्हणाली, "सांग की, काय दिसतंय?"

मी सांगितलं. आईने विचारलं, "किती फेऱ्या झाल्या?" मी म्हटलं, चार. ती खिडकीची कड धरून उभी राहिली. "मोजत राहा," म्हणाली.

मी मोजत राहिले. अकरा झाल्या, वहिनी. बाराव्या फेरीला चिमीने स्वतः हात पुढे करून किल्लीला बोट लावलं. फिरवली नाही. नुसतं लावलं.

ताई